दोन पोचतील

"मॅडम, नाक्यावर विचारतील तवा तुमी काय बोलू नका. मी सांगतो," दिलावर मुजावर म्हणाला आणि त्यानं जीपचा वेग एकदम कमी केला.

नाका अजून दिसतही नव्हता. मागच्या गावात लख्ख ऊन होतं, पोरं ओट्यावर बसून ऊस सोलत होती; आणि घाटमाथ्याला लागलो तर समोर नुसतं पांढरं. बॉनेटच्या पुढे रस्ता आहे की नाही, हे देवावर सोडून दिलावर गाडी पुढे ढकलत होता.

"काय बोलायचं ते मला कळतं," मी म्हणाले. तेव्हा माझा स्वभाव असाच होता. आता म्हातारी झाले तरी फार सुधारलाय असं नाही.

"तसं न्हाई, मॅडम. ह्या घाटाची रीत हाय. गाडीत जे जे हाय ते नाक्यावर सांगायचं. सांगितलेलं खाली पोचतं. न सांगितलेलं घाट ठेवून घेतो."

"ठेवून घेतो म्हणजे?"

"म्हंजे ठेवून घेतो." त्यानं एका हातानं काच पुसली. "आमच्या वस्तादानं बघितलंय. एक ट्रकवाला गूळ घेऊन निघाला. वर ढेपांच्या मधी क्लीनर झोपला हुता. नाक्यावर विचारलं, किती माणसं? ह्यानं झोपेत सांगितलं, एकटाच. खाली जाऊन ताडपत्री काढली तर गूळ जसाच्या तसा, आन् मधी माणूस झोपल्याचा खड्डा. माणूस न्हाई."

"पडला असेल वळणावर."

"पडला असंल," दिलावर लगेच म्हणाला. तो कधी वाद घालायचा नाही. जिल्ह्याच्या कोषागाराची ही जीप आणि हा चालक मला दौऱ्यासाठी मिळाला होता. आठवडाभर आम्ही बरोबर हिंडत होतो, त्याच्या बायकोनं बांधून दिलेल्या भाकरीतली अर्धी मी खात होते. त्यामुळे त्याच्या गप्पा ऐकून घेणं मला भागच होतं.

आता मी कशाला हिंडत होते ते सांगते. मी राज्याच्या अर्थखात्यात अधिकारी होते. त्या वर्षी तिजोरीत खडखडाट होता. अर्थसंकल्प तोंडावर आलेला आणि जमा-खर्चाची तोंडमिळवणी काही केल्या होत नव्हती. आमच्याकडे रोज भांडणं. माझं मत कराच्या बाजूचं. मोटारींवर लावा, दारूवर लावा, बड्या हॉटेलांवर लावा, ज्यांच्या खिशाला कळणारही नाही त्यांच्याकडून घ्या. आमचे वरिष्ठ ओगले साहेब मान हलवायचे. ते अतिशय सभ्य गृहस्थ. कुणाला कधी अरे म्हणाले नाहीत. "दिघेबाई," ते म्हणायचे, "कर लावला की सरकार पडतं. पद कापलं की फक्त माणूस पडतो, तोही लांब कुठेतरी. इथपर्यंत आवाज येत नाही." शेवटी ठरलं ते त्यांचंच. खर्चाला कात्री. आम्हा सगळ्यांना जिल्हे वाटून दिले आणि सांगितलं, दौऱ्यावरून येताना निदान एक तरी पद घेऊन या.

खडकवणी घाटाचा जकात नाका माझ्या वाट्याला आला तेव्हा मला हसूच फुटलं. संस्थानच्या काळात तिथे कोकणातून चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालावर जकात घ्यायचे. संस्थान गेलं, जकात गेली, पण नाकेदाराचं पद तेवढं कसं कुणाच्या नजरेतून सुटलं कोण जाणे. दर वर्षी पगार जात होता आणि जमा शून्य. असा आयता घास कुणाला मिळतो? मी मनातल्या मनात ते पद केव्हाच कापून टाकलं होतं. घाट बघायला यायची खरं तर गरजही नव्हती.

आणि मी यायलाही नको होतं, कारण मला दिवस गेले होते.

हे माझा नवरा आणि सासूबाई सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी एक गेलं होतं. त्या वेळी कळल्या दिवशीच मी आनंदानं ऑफिसभर सांगत सुटले होते आणि पुढे ते सगळं झालं. सासूबाईंनी या खेपेला मला देवापुढे बसवून बजावलं होतं, तीन महिने पुरे होईपर्यंत पोटातलं ओठावर आणायचं नाही. दृष्ट लागते. मी दृष्ट मानत नाही. पण एकदा हातातून गेलं की माणूस न मानलेलंही पाळायला लागतो. ऑफिसात सांगितलं असतं तर दौरा दुसऱ्याला गेला असता, हेही होतंच. मला ते मूल हवं होतं. इतकं हवं होतं की त्याचा विचार करायलाही मी भीत होते. जीपमध्ये खड्डा आला की हात आपोआप पोटावर जायचा आणि दिलावर बघेल म्हणून मी तो काढून घ्यायचे.

"डिझेलवर दोन पैसे कर वाढवला तर तुम्हाला राग येईल का हो?" मी त्याला मघाशीच विचारलं होतं.

"यील की," तो म्हणाला होता. "दोन दिवस शिव्या घालंन सरकारला. मग इसरून जाईन. पण मॅडम, माणूस काढला तर त्याच्या घरातलं कोण इसरत न्हाई बगा."

नाका आला तो असा अचानक, की आडव्या बांबूला जीप लागते की काय असं वाटलं. एका बाजूला दगड बांधून तोललेला बांबू, शेजारी पत्र्याच्या छपराची दगडी खोली आणि ओट्यावर घोंगडीत बसलेली एक बाई. पन्नाशीची असेल. कपाळ मोठं, डोळे त्याहून मोठे. हीच नाकेदार, हौसाबाई जंगम. नवरा इथेच नाकेदार होता. तो गेल्यावर ती त्याच्या जागी लागली होती.

मी उतरले, ओळख सांगितली. तिनं गडबड केली नाही की हात जोडले नाहीत. चुलीवरचा चहा ओतून दिला.

"इथे तुमचं काम काय?" मी विचारलं.

"इचारायचं."

"काय विचारायचं?"

"काय माल, किती माणसं. आन् आणखी कोण."

"आणि मग? पैसे घेता? पावती देता?"

"न्हाई. जकात सरकारनं माफ केली की. निस्तं इचारायचं ऱ्हायलंय."

मी कपाळाला हात लावायची तेवढी बाकी होते. "हौसाबाई, सरकारकडे पैसा नाही. नुसतं विचारायला माणूस ठेवणं सरकारला आता परवडत नाही. समजतंय का मी काय म्हणते ते?"

"पद काडायचं म्हणतासा."

"हो."

"काडा की." ती इतक्या सहज म्हणाली की मीच चपापले. "मी जाते लेकीकडं. लई वर्सं झाली बगा हे ऐकत. निस्त्या गाड्यावाल्यांचं न्हवं... सगळ्यांचंच ऐकाय लागतंय." तिनं धुक्याकडे पाहिलं. "पण मग इचारणार कोण?"

"कुणीच नाही. घाट काय उठून चालायला लागणार आहे?"

"तसं न्हवं, बाईसाहेब. मी हाय म्हणून एखादा सांगायचा चुकतो. इचारणारंच ऱ्हायलं न्हाई, तर मग सगळंच न सांगितलेलं की."

तिच्या बोलण्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मला मात्र अंगावर काटा आला आणि त्याचाच राग आला. मी कप खाली ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

हौसाबाई बांबूपाशी उभी राहिली. मघाचा चहा देणारा चेहरा गेला होता. "काय माल?"

"माल न्हाई, मावशी," दिलावर आदबीनं म्हणाला. "मॅडमची बॅग, कागदं, डबा, पाण्याचं कॅन. माझ्या बिड्या."

"किती माणसं?"

"दोन."

तिनं वाकून आत पाहिलं. दिलावरकडे नाही, माझ्याकडे. माझा हात पोटावर होता. मी तो उचलून बॅगेवर ठेवला.

"आणखी कोण?"

"कोण न्हाई. मी आन् आमच्या मॅडम."

"त्यास्नी बोलू द्या."

आता एक शब्द बोलले असते तर काय बिघडत होतं? पण दिलावर शेजारी बसला होता. उद्या कोषागारात, परवा मुंबईत सगळ्यांना कळलं असतं. आणि सासूबाईंचा तो देवघरातला आवाज. सांगायचं नाही म्हणजे नाही.

"ऐकलंत ना? दोन," मी म्हणाले.

हौसाबाईनं दगडाकडचं टोक दाबलं, बांबू वर गेला. "दोन पोचतील," ती म्हणाली.

आम्ही उतरणीला लागलो. दिलावर गाणं गुणगुणत होता. एक वळण झालं, दुसरं झालं. डावीकडे चुना लावलेला कठडा, कठड्याला एक पिंपळाचं रोप चिकटलेलं. पुन्हा वळण, पुन्हा कठडा. घाटातले कठडे सारखेच असतात म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण मग पुन्हा कठड्याला पिंपळाचं रोप दिसलं. पुन्हा वळण घेतलं, आणि पुन्हा तेच रोप. दिलावरचं गाणं थांबलं होतं.

"किती राहिलाय घाट?" मी विचारलं.

"संपाय पायजे हुता, मॅडम."

त्याच वेळी माझ्या ओटीपोटात पहिली कळ आली. मला ती ओळखीची होती. आदल्या वर्षी ती अशीच आली होती, आधी हलकी, लाजल्यासारखी. मी सीटची कड घट्ट धरली.

पुन्हा वळण. पुन्हा ते रोप. दिलावरनं गाडी कठड्याला लावून उभी केली आणि हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं. त्याच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम होता.

"कायतरी सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला. त्यानं खिसे उलटे केले, सीटखाली पाहिलं, मागचं टप उघडून स्टेपनीसुद्धा चाचपली. परत येऊन बसला. "माझ्याकडं काय न्हाई. अल्लाशपथ न्हाई. मॅडम, तुमच्या बॅगेत सोनंनाणं, दवापाणी... काय ऱ्हायलंय का?"

"काही नाही."

"बगा की एकदा."

"काही नाही म्हटलं ना!"

दुसरी कळ आली आणि ती लाजणारी नव्हती. माझ्या तोंडून आवाज फुटला. दिलावर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. आणि मला, सगळा जन्म आकडे तपासण्यात घालवलेल्या बाईला, लख्ख कळलं की घाटाला काय ठेवून घ्यायचंय. विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता तिथे. मला माझं मूल हवं होतं. त्यासाठी मी त्या क्षणी दगडालाही कर भरला असता.

"गाडी वळवा. नाक्यावर चला."

"हितं वळत न्हाई, मॅडम. रुंदीच न्हाई. आन् धुक्यात मागं मागं घ्यायची म्हंजे..."

"मग मी चालत जाते."

"मी येतो संगट. तुमास्नी बरं दिसत न्हाई."

"नको!" त्याच्यासमोर ते बोलायचं नव्हतं मला. अजूनही नव्हतं. "तुम्ही गाडीतच थांबा. उतरायचं नाही. हा हुकूम समजा."

"थांबतो," दिलावर म्हणाला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "कठड्याच्या कडंनं जाऊ नका. मधनं जावा."

इतका वेळ आम्ही खाली उतरत होतो, आणि नाका एका वळणावर होता. फक्त एका. पण तिथे पोचायच्या आधी मला रांग लागली.

दिसत काहीच नव्हतं. पण माझ्या पुढे कुणीतरी उभं होतं हे नक्की. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, ओल्या घोंगडीचा वास आला, कुणीतरी खोकलं. चाकाखाली खडी करकरली आणि थांबली. मग नाक्याच्या बाजूनं हौसाबाईचा आवाज आला, "काय माल?"

"मीठ," माझ्या अगदी पुढून एक पुरुष म्हणाला.

"किती माणसं?"

"चौघं. एक आजारी हाये."

"आणखी कोण?"

"मागनं म्हातारी चालत येत्ये, तिला धरा."

"पाच पोचतील."

खडी पुन्हा करकरली आणि कोणतीही गाडी माझ्याजवळून गेली नाही. पुढचा आवाज बाईचा होता. तिच्याकडे तांदूळ होते, कडेवर पोर होतं, दुसऱ्याचं बोट धरलं होतं. तिनं एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. मग कुणी हिरडा सांगितला, कुणी वाकाचे दोर. असल्या मालाला त्या रस्त्यावरून जाऊन किती काळ लोटला असेल, ते मला आजही ठाऊक नाही. कुणी घाई करत नव्हतं. सगळे आपापलं नीट मोजून सांगत होते, जेवायला बसलेल्या पंगतीत कोण राहिलं का बघावं तसे. मी पोट धरून त्यांच्या मागे उभी होते आणि माझ्याही मागे कुणी येऊन उभं राहिलं होतं, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग समोर बांबूचं टोक दिसलं. त्याच्या पलीकडे दोन मोठे डोळे.

"काय माल?"

"काही नाही. मी... मी परत सांगायला आलेय. मघाशी चुकलं."

"किती माणसं?"

मी दोन्ही हात पोटावर ठेवले. आता कोण बघतंय याची पर्वा नव्हती. "दोन," मी म्हणाले. "मी आणि माझं पोटातलं. तिसरा महिना चालू आहे. आम्ही दोघं."

म्हणता म्हणता मला रडू कोसळलं. दोन महिने दाबून ठेवलेलं ते शेवटी बोलून टाकलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"आणखी कोण?" हौसाबाईनं विचारलं.

"कोणी नाही. आणखी कोणी नाही."

ती थांबली. आत्ता आठवलं तर वाटतं, ती खूप वेळ थांबली.

"आणखी कोण?"

"नाही हो! आम्ही दोघंच. जाऊ द्या मला."

"दोन पोचतील," ती म्हणाली.

कळ थांबली. कमी कमी होत नव्हे. दिवा बंद करावा तशी थांबली. मी रस्त्याच्या मधून खाली निघाले. पावलं हलकी पडत होती. धुक्यात आता कुणी नव्हतं, घंटा नव्हती. मी वेड्यासारखी हसत होते. दिलावरला सांगून टाकायचं, मी ठरवलं. सगळ्यांच्या आधी त्याला. त्याच्या घरातलीच्या भाकरीवर पोसलेलं पोर आहे, पहिला पेढा त्याला.

वळणावर जीप तशीच उभी होती. इंजिन चालू. दारं लावलेली. चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं.

"दिलावर!"

लघवीला गेला असेल म्हणून मी जरा थांबले. पुन्हा हाक मारली. मग दार उघडलं. पायाशी त्याच्या चपला होत्या, दोन्ही, शेजारी शेजारी. स्टिअरिंगला त्याचा पंचा गुंडाळलेला होता. सीटचं रेक्झिन दबलेलं होतं आणि मी बघत असताना ते हळूहळू फुगून सपाट झालं.

आणि मग धुकं उठलं. एकदम, चादर ओढावी तसं. ऊन पडलं. वरपासून खालपर्यंत सगळा घाट उघडा पडला, एकेक वळण मोजून घ्यावं असा. खाली कोकणातली घरं, वर नाक्याचा पत्रा चमकत होता. रस्त्यावर माणूस नव्हता. कठड्यापलीकडे दरी होती तीही नुसती गवताची, लपायला झुडूप नाही. मी खाली वाकून बघितलं. मी ओरडले. माझाच आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला.

तेव्हा मला कळलं मी काय सांगून आले होते.

मी धावत वर गेले. मला धावायला नको होतं, पण मी धावले. हौसाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली.

"तीन," मी म्हणाले. "तीन लिहा, तीन म्हणा. मी, बाळ आणि तो. दिलावर मुजावर. गाडीत थांबला होता, मीच थांबवला होता त्याला."

तिच्या हातातलं सूप कलंडलं. "खाली माणूस थांबलेलं हुतं?"

"हो!"

"आन् तुमी दोन सांगितलं?"

"मला वाटलं, माझंच विचारताय! माझ्यापुरतं..."

"मी दोनदा इचारलं की ओ बाई," हौसाबाई म्हणाली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. "दोनदा इचारलं. आणखी कोण म्हणून दोनदा इचारलं."

"मग आता परत विचारा. मी सांगते ना. विचारा मला!"

तिनं विचारलं. तिनं खरंच उठून बांबूपाशी उभं राहून, रडत रडत, काय माल, किती माणसं, विचारलं. मी तीन सांगितलं. त्याचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती तोंड उघडून उभी राहिली. पण "पोचतील" हा शब्द काही तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. "येत न्हाई तोंडात," ती म्हणाली. "मी आपणहून म्हणत न्हाई ते, बाईसाहेब. आपसूक येतं. आता येईना."

पोलिस आले, दोर लावून दरीत उतरले, कुत्रं आणलं. कुत्रं जीपपाशी बसून राहिलं आणि उठेना. फौजदारानं जबाब घेतला. मी सगळं सांगितलं. त्यातलं त्याला झेपलं तेवढं त्यानं घेतलं. चालक कुणालाही न सांगता निघून गेला, असं शेवटी ठरलं. चपला सोडून कोण निघून जातं, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, बाई, तुम्ही आता विश्रांती घ्या.

मुंबईला ओगले साहेबांनी माझी फार काळजी घेतली. खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "खडकवणीचं काय ठरवलंत?"

"तो नाका राहू द्या."

"कारण?"

"साहेब, कारण मला देता येणार नाही. तुम्ही माझ्या इतर सगळ्या सूचना फेटाळा, पण ते पद कापू नका."

मी या आधी कधी काही मागितलं नव्हतं. "राहू द्या," ते म्हणाले. "पण मग तुमच्या जिल्ह्यातून मी काय दाखवू? एक तरी हवंच." ते पेन्सिल टेबलावर वाजवत राहिले, आणि मग अगदी हळू, मला दुखू नये अशा आवाजात म्हणाले, "कोषागाराच्या जीपवरचं पद तसंही रिकामं झालंय ना आता?"

मी नाही म्हणाले. खूप वेळा म्हणाले. ओगले साहेब समजुतीनं मान हलवत होते. त्या वर्षीच्या कपातीत ते पद गेलं. तूट होती तेवढीच राहिली; पुढच्या वर्षी वाढली.

पावसाळ्याच्या तोंडाशी दिलावरची बायको मुंबईला मला भेटायला आली. शकीला तिचं नाव. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, तिच्या हातची भाकरी मात्र आठवडाभर खाल्ली होती. त्याच्या जागी तिला घ्यावं, झाडूचं काम दिलं तरी चालेल, असं तिचं म्हणणं होतं. तिला कोषागारात कुणीतरी सांगितलं होतं की आता तसली जागाच शिल्लक नाही. ते खरं आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"खरं आहे," मी म्हणाले.

ती रडली नाही. उठताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. आता झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मला सातवा लागला होता. तिनं बोटांवर महिने मोजले. चेहरा मऊ झाला.

"म्हंजे तवा पण हुतंच की हे. घाटात."

"हो."

"त्यास्नी ठावं हुतं?"

"नाही. मी सांगितलं नव्हतं."

"तरीच," शकीला म्हणाली. घाटाची रीत तिलाही ठाऊक होती. तिला काहीतरी उलगडल्यासारखं झालं, जरा बरं वाटल्यासारखंच. ती पुढे झाली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि मला समजावत म्हणाली, "तरीच त्येंनी नाक्यावर दोन सांगितलं असंल. त्येंचा दोष न्हाई बगा, बाई. ठावं असतं तर तीन सांगितलं असतं. ते कुणाला सोडून मोजायचे न्हाईत."